प्रश्न तुमचे : फासा चाळीसगावात, मंडळी चार गावांत

टेबलाभोवती बसून खेळायचे रोल-प्लेइंग गेम, म्हणजे आरपीजी, व्हिडिओ कॉलवर खेळायचे असतील तर काय करावं, अशी विचारणा करणारी पत्रं जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून आली. मोबाइलवरच्या गोळीबाराच्या खेळांचा इथे संबंध नाही. एक जण गोष्ट चालवतो, त्याला डीएम म्हणतात. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि अडलं तिथे फासा टाकतात, असा हा खेळ. पत्रलेखकांची नावं त्यांच्याच इच्छेवरून गाळली आहेत.

प्रश्न : नियमांची पुस्तकं वाचून झाली, फासे मागवून झाले. चाळीसगावात खेळायला माणूस मात्र एकही नाही. ऑनलाइन मंडळी शोधायची कुठे आणि कशी?

उत्तर : आधी ओळखीतल्या लोकांकडे बघा. शाळेतला एखादा मित्र पुण्याला, मावसभाऊ नाशिकला, कॉलेजातली मैत्रीण सुरतला असेलच. त्यांतल्या ज्याला पत्ते किंवा कॅरम सोडवत नाही, तो अर्धा आरपीजीवाला झालेलाच असतो. असे दोघे मिळाले की उरलेल्या दोन जागा बाहेरून भरा. चारही अनोळखी घेऊन सुरुवात केलेला गट टिकणं अवघड.

अनोळखी मंडळी डिस्कॉर्ड या गप्पांच्या अॅपवरच्या आरपीजी सर्व्हरवर (सर्व्हर म्हणजे तिथला गट), रेडिट या चर्चांच्या साइटच्या ‘एलएफजी’ विभागात (एलएफजी म्हणजे गट हवा आहे) आणि रोल२० या साइटच्या खेळ-शोधणीत भेटतात. ‘मला खेळायचंय, कोणी आहे का?’ एवढंच लिहिलं तर उत्तर येत नाही. निवेदन असं लिहा :

‘मराठीतून डीएनडी, पाचवी आवृत्ती. वन-शॉट, अडीच तास. शनिवार रात्री ९:३०. डिस्कॉर्डवर, आवाज सक्तीचा, व्हिडिओ पहिली पंधरा मिनिटं. चार जागांपैकी दोन रिकाम्या, नवखे चालतील. वय १८च्या पुढे. मारामारी कमी, कोडी आणि गप्पा जास्त. इयरफोन हवेतच.’

डीएनडी म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स, या खेळांतला सर्वांत प्रसिद्ध. निवेदनातला प्रत्येक शब्द कोणाला तरी गाळतो. ‘मारामारी कमी’ वाचून तलवारबहाद्दर आपणहून बाजूला होतो आणि तिसऱ्या आठवड्यातलं भांडण वाचतं. ‘वन-शॉट’ म्हणजे एका बैठकीत संपणारी गोष्ट. पहिल्याच दिवशी वर्षभराची मोहीम जाहीर करू नका. अनोळखी माणसाबरोबर वर्षाचा करार कोण करेल?

हो म्हणणारे सगळे येत नाहीत, म्हणून चार जागांसाठी सहा जणांशी बोलून ठेवा. पहिला कॉल फाशांशिवाय, वीस-पंचवीस मिनिटांचा. त्यात तीन गोष्टी विचारा : आठवड्यातला कोणता वार खरोखर मोकळा असतो, नेट कसं आहे, आणि खेळात काय आवडतं. उत्तरांइतकंच एका गोष्टीकडे लक्ष द्या : दुसरा बोलत असताना हा थांबतो का? जो या वीस मिनिटांत थांबत नाही, तो ड्रॅगनसमोरही थांबणार नाही.

आणि डीएम कोण, असा प्रश्न असेल तर तुम्हीच. या खेळात खेळाडू पुष्कळ आणि डीएम थोडे. ‘डीएम हवाय’ या निवेदनापेक्षा ‘मी डीएम आहे, दोन जागा आहेत’ हे निवेदन कितीतरी लवकर भरतं. पुस्तकं वाचून झालेली आहेतच.

प्रश्न : आमच्या कॉलवर कोणाचा तरी आवाज घुमतो, कोणाचा कूलर घरघरतो, एकाचा आवाज बोगद्यातून आल्यासारखा वाटतो. दर वेळी अर्धा तास ‘हॅलो, ऐकू येतंय का’ यातच जातो. — पाचोरा

उत्तर : तुम्ही तीन वेगवेगळी दुखणी एकत्र सांगितली आहेत. एकेक घेऊ.

घुमण्याबद्दल पहिली गोष्ट : ज्याला स्वतःचा आवाज परत ऐकू येतो, त्याचा दोष नसतो. दोष त्याचा, ज्याला काहीच त्रास होत नाही. त्याच्याकडे आवाज स्पीकरवर चालू असतो आणि तोच त्याच्या माइकमध्ये परत शिरतो. चोर पकडायला एकाला सलग बोलायला लावा आणि बाकीच्यांनी पाळीपाळीने दहा-दहा सेकंद माइक बंद करावा. ज्याने बंद केल्यावर घुमणं थांबलं, त्याने इयरफोन लावावा. एका घरातून दोघं भाऊ खेळत असतील तर त्यांनी वेगळ्या खोल्यांत बसावं. एकाच खोलीत बसायचं असेल तर चालू माइक एकच आणि चालू स्पीकरही एकच. दुसऱ्याचं यंत्र फक्त बघायला.

बोगद्यातला आवाज बहुतेक वेळा ब्लूटूथ इयरफोनचा असतो. गाणी ऐकताना तोच इयरफोन छान वाजतो, पण त्याचा माइक चालू झाला की तो कॉलच्या प्रकारावर जातो आणि आवाज जुन्या टेलिफोनसारखा होतो. यावर सेटिंगमध्ये फारसा इलाज नाही. दोन-अडीचशे रुपयांचा वायरचा इयरफोन हाच इलाज. त्याचा माइक शर्टावर घासला की खरखर येते, म्हणून कपडे वाळत घालायच्या चिमट्याने वायर कॉलरला लावा.

आता कूलर. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या वर गेल्यावर ‘कूलर बंद कर’ असं कोणाला सांगणं म्हणजे मंडळ मोडायचाच बेत. कूलर चालू राहू द्या, माइक जवळ आणा. आवाजाची ताकद अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. लॅपटॉपचा माइक तोंडापासून साठ सेंटिमीटरवर असतो, इयरफोनचा दहावर आणता येतो. अंतर सहापट कमी झालं की तुमचा आवाज छत्तीसपट ताकदीने पोचतो आणि कूलरचा होता तेवढाच राहतो. माइक तोंडासमोर नको, हनुवटीच्या जरा बाजूला ठेवा, नाहीतर प, फ, भ उच्चारताना फटफट होते. कूलरचा झोत माइकवर सरळ येत असेल तर अंगाची दिशा बदला. वाऱ्याचा धक्का कुठल्याच सॉफ्टवेअरला नीट गाळता येत नाही.

डिस्कॉर्डमधली गोंगाट गाळायची सोय एकसुरी घरघर बऱ्यापैकी काढते. पण ती फाशांचा खडखडाटही काढते आणि कुजबुजत बोललं तर तेही गिळते. डीएमला थडग्यातल्या भुताचा आवाज काढायचा असेल तर त्याने तेवढ्यापुरती ती सोय बंद करावी. गोंगाट फारच असेल तर बटण दाबून धरल्यावरच माइक चालू होईल असं करता येतं. डिस्कॉर्डमध्ये याला पुश-टू-टॉक म्हणतात. झूमवर माइक बंद ठेवून स्पेसबार दाबून धरला तरी तेच काम होतं.

एक आगाऊ सूचना : खेळताना बिबड्या खाऊ नका. दुसऱ्याच्या कानात ती कुरकुर कशी वाजते, हे खाणाऱ्याला कधीच कळत नाही. भरीत-पुरी चालेल.

प्रश्न : शहादा तालुक्यात राहते. घरी वायफाय नाही, रोजचं दीड जीबी. तीन तासांचा खेळ बसेल का?

उत्तर : आवाजावर खेळलात तर आरामात बसेल. व्हिडिओवर नाही. हिशेब असा : डिस्कॉर्डचा आवाज साधारण ६४ केबीपीएसने जातो, म्हणजे एक माणूस सलग तासभर बोलला तर २९ एमबी. एका वेळी एक-दोघंच बोलतात, त्यामुळे तीन तासांत दीड-दोनशे एमबी धरा. आता प्रत्येक चेहऱ्याला ५०० केबीपीएस धरा. तासाला २२५ एमबी एका चेहऱ्याचे. समोरचे चार आणि तुमचा एक मिळून तासाला सव्वाअकराशे एमबी. दीड जीबी एक तास वीस मिनिटांत संपेल, म्हणजे ऐन लढाईत.

रोजचा डेटा संपल्यावर अनेक प्रीपेड प्लॅनमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो. वरचाच आकडा! एका आवाजाला जेमतेम पुरेल, दोघं बोलले की तुटेल. म्हणून मर्यादेच्या आत राहायलाच हवं. पहिली दहा-पंधरा मिनिटं चेहरे दाखवा, नंतर तुमचा कॅमेरा बंद करा. इतरांचे चेहरेही बंद करा, कारण खरा खर्च येणाऱ्या व्हिडिओचा असतो आणि बरेच जण फक्त स्वतःचा कॅमेरा बंद करून निश्चिंत होतात. डिस्कॉर्डमध्ये माणसागणिक व्हिडिओ बंद करता येतो.

रोजचा डेटा बहुतेक प्लॅनमध्ये रात्री बाराला नव्याने मिळतो. मंडळी रात्रीची असतील तर साडेदहा ते दीड अशी वेळ ठेवा, म्हणजे अर्धा खेळ आजच्या खात्यातून, अर्धा उद्याच्या. शनिवारी हे जमण्यासारखं आहे.

प्रश्न : झूमवर चाळीस मिनिटांनी कॉल तुटतो. दुसरं काय वापरावं? — शिरपूर

उत्तर : झूमच्या मोफत खात्याला चाळीस मिनिटांची मर्यादा आहे, गूगल मीटला तिघं किंवा जास्त असतील तर साठ. पाच खेळाडू आणि एक डीएम अशा टेबलावर प्रत्येक खेळाडूने दोन मिनिटं आणि डीएमने तीन मिनिटं घेतली तर लढाईची एक फेरी तेरा मिनिटांची. म्हणजे झूमवर तीन फेऱ्या आणि खेळ खल्लास. डिस्कॉर्डला वेळेची मर्यादा नाही, व्हिडिओवर पंचवीस जण मावतात, आणि गप्पा, नकाशे, पुढच्या तारखा एकाच जागी राहतात. ज्यांना नवीन अॅप नको, त्यांच्यासाठी जित्सी आहे, ब्राउझरमध्ये चालतं. मात्र त्यांच्या सार्वजनिक सर्व्हरवर २०२३पासून बैठक उघडणाऱ्याला लॉगिन करावं लागतं, इतरांना नाही. व्हॉट्सअॅपवरही जमतं, पण घरच्या ग्रुपचे शुभ सकाळ आणि खेळाचे नकाशे एकात एक मिसळतात.

प्रश्न : भुसावळला राहतो. खेळ रंगात आला की लाइट जाते. लॅपटॉपला बॅटरी आहे, पण नेट बंद पडतं.

उत्तर : राउटरला वीज द्या, बाकी काही नको. राउटरच्या अडॅप्टरवर काय लिहिलंय ते बघा. बहुतेकांवर १२ व्होल्ट, एक किंवा दीड अँपिअर असतं. काही ९ व्होल्टचेही असतात, त्यांना १२ दिले तर राउटर जळेल. प्रत्यक्षात घरचा राउटर सात-आठ वॉट खातो.

राउटरसाठीचा छोटा यूपीएस मिळतो, तो सर्वांत बरा. लाइट गेल्याचं राउटरला कळतही नाही. घरात पडलेली पॉवर बँक वापरायची तर पाच व्होल्टचे बारा करणारी यूएसबी केबल मिळते. दहा हजार एमएएचच्या पॉवर बँकेत ३७ वॉट-तास असतात, व्होल्टेज चढवण्यातली गळती धरून तीस मिळतील. आठ वॉटच्या राउटरला साडेतीन तास पुरले. पॉवर बँक किमान दोन अँपिअर देणारी हवी, नाहीतर राउटर पुन्हा पुन्हा सुरू होत राहतो. फायबरचं जोडणी-यंत्र आणि वायफाय राउटर वेगळे असतील तर दोन्हींना वीज लागेल. हे विसरलं की वायफायची खूण पूर्ण दिसते आणि नेट मात्र नसतं.

घरात इन्व्हर्टर असूनही राउटर बंद-चालू होत असेल तर इन्व्हर्टरवर यूपीएस मोडचं बटण आहे का ते शोधा, बऱ्याचदा मागच्या बाजूला असतं. साध्या मोडमध्ये बदलायला लागणारा क्षण पंख्याला चालतो, राउटरला चालत नाही.

हे सगळं करूनही नेट जात असेल तर दोष गल्लीतला आहे. केबलवाल्याचा स्विच खांबावरच्या पेटीत असतो आणि त्याला बॅकअप नसतो. तिथे तुमचा इलाज चालत नाही. मोबाइलचा हॉटस्पॉट तयार ठेवा आणि पात्राचा कागद छापील ठेवा.

प्रश्न : मुलगा पंधरा वर्षांचा आहे. शनिवारी रात्री इयरफोन लावून तीन-तीन तास फासे टाकतो आणि अनोळखी लोकांशी बोलतो. हा जुगार आहे का? — एक आई, अमळनेर

उत्तर : जुगार नाही. आखाजीला आपल्याकडे घरोघरी पत्त्यांचे डाव पडतात, त्यात पैसे लागतात. इथे लागत नाहीत. ‘भिंत चढता येईल का’, ‘पहारेकऱ्याने ऐकलं का’ एवढंच फासा ठरवतो. यातला सर्वांत जुना आणि प्रसिद्ध खेळ, डंजन्स अँड ड्रॅगन्स, १९७४पासून आहे. मुलगा बेरजा करतो, वाचतो आणि चार लोकांत बोलायला शिकतो, असं म्हटलं तर वावगं नाही.

काळजी अनोळखी लोकांची करा, फाशांची नको. डिस्कॉर्डसाठी किमान वय तेरा आहे, म्हणजे तुमचा मुलगा त्यात बसतो, पण मोठ्यांच्या टेबलावर त्याने बसू नये. गटात बाकी कोण आहेत, किती वयाचे, हे त्याला विचारा. सांगता येत नसेल तर तेच उत्तर समजा. एकदा अर्धा तास शेजारी बसून ऐका. खोलीचं दार उघडं राहू द्या. बाजूच्या खासगी मेसेजमध्ये कोणी फोटो, पत्ता, शाळेचं नाव किंवा पैसे मागितले तर तुम्हाला दाखवायचं, हे आधीच ठरवा. दाखवल्यावर रागवायचं नाही हेही ठरवा, नाहीतर पुढच्या वेळी दाखवणार नाही. कॅमेऱ्यामागच्या भिंतीवर काय दिसतं ते एकदा बघा : शाळेचं ओळखपत्र, खुंटीला अडकवलेलं लाइट बिल, क्लासचं वेळापत्रक. पाठीमागे कोरी भिंत किंवा पडदा असावा. पैशांची फसवणूक झालीच तर १९३० हा सायबर हेल्पलाइनचा क्रमांक.

प्रश्न : वीस बाजूंचा फासा आमच्या गावात मिळत नाही. आणि कॅमेऱ्याबाहेर टाकलेल्या फाशावर विश्वास कसा ठेवायचा? — साक्री

उत्तर : घरात पत्त्यांचा कॅट असेलच. बदाम आणि इस्पिक या दोन रंगांतले एक्का ते दहा असे वीस पत्ते वेगळे काढा. बदाम म्हणजे एक ते दहा, इस्पिकमध्ये दहा मिळवायचे. पिसा, एक ओढा, वाचा, परत ठेवून पुन्हा पिसा. परत ठेवायला विसरलात तर वीस एकदाच येईल आणि लोकांना ते मोजता येईल. दहा बाजूंच्या फाशासाठी एकाच रंगाचे दहा पत्ते. बारा बाजूंसाठी लुडोचा फासा आणि नाणं : छापा आला तर सहा मिळवा. चार बाजूंसाठी लुडोचाच फासा, पाच-सहा आले तर पुन्हा टाका. आठसाठी तेच करून नाण्याचे चार मिळवा. बाराऐवजी दोन फासे टाकून बेरीज करू नका. त्यात एक कधीच येत नाही आणि सात छत्तिसातून सहा वेळा येतो.

विश्वासाचं म्हणाल तर सगळ्यांनी एकाच पद्धतीने टाका : एकतर सर्वांनी खरे फासे, नाहीतर सर्वांनी चॅटमधला फासे टाकणारा बॉट. निम्मे इकडे, निम्मे तिकडे असलं की संशय येतो. संशय सर्वांत जास्त येतो तो पात्र बनवताना, कारण तेव्हाचे आकडे कायमचे. तिथे फासेच टाकू नका. १५, १४, १३, १२, १०, ८ हे ठरलेले सहा आकडे नियमांतच दिलेले आहेत, ते पात्राच्या सहा गुणांत हवे तसे वाटून घ्या. पुढे कोणी एखादा फासा खोटा सांगितला तर सोडून द्या. वीसच्या फाशात ज्याला पाच मिळवता येतात, त्याला पंधरा किंवा जास्तचं लक्ष्य तसंही पंचावन्न टक्के वेळा जमतं. खोटं बोलून त्याने फार काही लुटलं नाही.

प्रश्न : नकाशा कसा दाखवायचा? फाउंड्री घेतली, पण मित्रांना माझ्या संगणकावर येताच येत नाही. — जळगाव

उत्तर : फाउंड्री, म्हणजे खेळाचे नकाशे दाखवायचं सॉफ्टवेअर, तुमच्या घरच्या संगणकावर चालते आणि बाहेरच्यांनी पोर्ट ३०००० या ठरलेल्या दारातून आत यायचं असतं. आपल्याकडच्या बऱ्याच नेट कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता (आयपी) अनेक घरांना वाटून देतात. त्यामुळे राउटरमध्ये पोर्ट कितीही उघडा, दार गल्लीच्या कोपऱ्यावर बंदच. तपासा असं : राउटरच्या पानावर डब्ल्यूएएन आयपी बघा आणि ‘माझा आयपी काय’ सांगणाऱ्या साइटवरचा बघा. दोन्ही वेगळे असतील, किंवा राउटरवरचा १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल, तर हेच कारण. मग कंपनीकडून पैसे भरून स्थिर आयपी घ्या, नाहीतर बोगदा काढून देणारी सेवा वापरा, नाहीतर फाउंड्री भाड्याच्या सर्व्हरवर टाका. एवढं करायचं नसेल तर रोल२० किंवा आउलबेअर रोडिओ. ते त्यांच्याच सर्व्हरवर चालतात, मोफत सुरू करता येतात.

नकाशाचं चित्र हलकं ठेवा. दहा एमबीचं चित्र चार जणांना तुमच्या घरून जायचं आणि अपलोड दहा एमबीपीएस असेल तर बत्तीस सेकंद सगळे काळ्या पडद्याकडे बघत बसतात. रोल२०चा एक चौकोन ७० पिक्सेलचा. तीस बाय वीस चौकोनांना २१०० बाय १४०० पुरतात, त्याहून मोठं चित्र उगाच ओझं.

आणि खरं सांगायचं तर पहिल्या महिन्यात यातलं काहीच नको. चौकटीची गणिताची वही टेबलावर ठेवा. दोन्ही बाजूंना डब्यांच्या दोन चळती, त्यांवर आडव्या दोन लाकडी पट्ट्या, त्यांवर जुना मोबाइल उताणा, मागचा कॅमेरा पट्ट्यांमधल्या फटीतून खाली. वहीपासून फूटभर उंची पुरते. तो मोबाइल वेगळा सभासद म्हणून कॉलवर घ्या, त्याचा माइक आणि स्पीकर दोन्ही बंद. पात्रांसाठी सुपारी, हरभरा, शेंगदाणा, चिंचोका; राक्षसासाठी लसणाची पाकळी. ट्यूबलाइट बरोबर डोक्यावर असेल तर मोबाइलची सावली वहीवर पडते, दिवा बाजूने घ्या. अक्षरं तुम्हाला उलटी दिसली तर घाबरू नका. आरसा फक्त त्या मोबाइलच्या पडद्यावर असतो, समोरच्यांना सुलटंच दिसतं.

प्रश्न : एक मित्र दुबईत, एक न्यू जर्सीत, आम्ही दोघं यावलला. वेळ जुळत नाही.

उत्तर : रविवारी संध्याकाळी साडेसात घ्या. तेव्हा दुबईत सहा, न्यू जर्सीत उन्हाळ्यात सकाळचे दहा आणि हिवाळ्यात नऊ. कोणालाच झोप मोडावी लागत नाही. वेळ भारताची धरा, कारण आपलं आणि दुबईचं घड्याळ वर्षभर तसंच असतं. अमेरिकेचं मार्चच्या दुसऱ्या रविवारी तासभर पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. तुमचा खेळ रविवारचाच, म्हणजे घोळ बरोबर त्याच दिवशी होणार. आदल्या शुक्रवारी मेसेज टाका.

प्रश्न : कॉलवर सगळे एकदम बोलतात, नाहीतर सगळे एकदम गप्प. आणि एक खेळाडू त्याच्या पात्राच्या आडून माझ्याशी नको तितकी सलगी करतो. — धुळे

उत्तर : पहिलं दुखणं कॉलच्या उशिराचं आहे. आवाज पाव सेकंद मागे असतो, त्यामुळे समोर बसून जे डोळ्यांनी कळतं ते इथे कळत नाही. डीएमने ‘मग काय करता?’ असं विचारूच नये. नाव आधी, प्रश्न नंतर : ‘वैद्यबुवा, दार उघडलंय, काय करताय? त्यानंतर रुख्मा, तू तयार राहा.’ पुढच्याचं नाव आधीच घेतलं की गप्प बसणाराही बोलतो.

दुसरं दुखणं सहन करणं हा उपाय नाही. डीएमला सरळ सांगा, खासगीत. चांगला डीएम पहिल्या फेरीआधीच विचारतो की गोष्टीत काय मुळीच नको आणि काय पडद्याआड चालेल. याला सेशन झिरो म्हणतात. शिवाय चॅटमध्ये कोणीही नुसता ‘एक्स’ टाकला की तो प्रसंग तिथेच कापायचा, कारण विचारायचं नाही, ही रीतही बरीच मंडळं पाळतात. ‘मी नाही, माझं पात्र असं करतंय’ ही सबब ऐकून घेऊ नका. पात्राला बोलायला लावणारा तोच. डीएमने टाळाटाळ केली तर स्क्रीनशॉट ठेवा, ब्लॉक करा, बाहेर पडा. दुसरं टेबल मिळतं.

प्रश्न : हे सगळं इंग्रजीतच का? अहिराणीत खेळलं तर चालेल का? — एरंडोल

उत्तर : कोण अडवतंय? डीएनडीच्या पाचव्या आवृत्तीचे गाभ्याचे नियम (अख्खी पुस्तकं नव्हेत) जानेवारी २०२३मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले झाले. श्रेय देऊन त्यांचं भाषांतर करता येतं, छापताही येतं. मात्र आधी सगळे नियम भाषांतरायला बसू नका, त्यात खेळ राहून जातो. ‘रोल’, ‘हिट पॉइंट’ इंग्रजीतच राहू द्या. पात्रांच्या तोंडी मात्र आपली बोली द्या. सारंगखेड्याच्या घोडेबाजारातला व्यापारी ‘काय जोयजे तुले?’ म्हणाला की पुण्यातला खेळाडूही सावध होतो. रावेर-यावलकडचं कोणी असेल तर त्याला लेवा गणबोली बोलू द्या. दोन गावं वेगळी आहेत हे सांगायला तेवढं पुरतं.

गोष्टीही इथल्याच घ्या. बुऱ्हाणपूरहून सुरतेला जाणारा मालाचा तांडा, वाटेत थाळनेर आणि नंदुरबार. साल १६०१, अकबराने असीरगड घेतलाय, खानदेशावरची फारुकी घराण्याची दोनशे वर्षांची सत्ता संपलीय, आणि गडावरून निसटलेला एक कारभारी तुमच्या गाड्यात लपून बसलाय. वाटेत सातपुड्याच्या पायथ्याशी चकवा लागतो. रात्रीच्या दर तासाला वाट दाखवणाऱ्याने वीसचा फासा टाकायचा, लक्ष्य तेरा. चुकला तर तांडा पुन्हा त्याच निंबाच्या झाडाशी. तीनदा चुकले तर झाडाखाली आधीच कोणीतरी शेकोटी पेटवून बसलेलं असतं. इथे डीएमने गोंगाट गाळायची सोय बंद करावी, माइकजवळ यावं आणि कुठे निघालात ते हळूच अहिराणीत विचारावं, ‘कथा चालना भो?’